जॅक, अवजड वाहनांचा

जड वस्तू माणसाच्या हाताच्या जोराने थोड्या उंचीपर्यंत उचलण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या सुवाह्य साधनास जॅक म्हणतात. इमारतींच्या तुळया, पुलांचे गाळे, आगगाडीचे डबे, यंत्रसामग्री इ. उचलण्यासाठी विविध प्रकारचे जॅक वापरतात. तथापि सर्वसामान्य माणसास या साधनाचा परिचय होतो तो मुख्यतः मोटारवाहनाचे चाक बदलताना. ट्रक, बस, टँकर, ट्रेलर यांसारख्या अवजड वाहनांच्या बाबतीत हे काम विशेष जोखमीचे असते. कारण येथे उचलावयाचा भार शेकडो किग्रॅ. नसून कित्येक टन असतो आणि काम बहुधा कार्यशाळेच्या पक्क्या जमिनीवर न होता रस्त्याच्या कडेला होते. जॅक हे भार उचलण्याचे साधन आहे, भार दीर्घकाळ तोलून धरण्याचे नव्हे, हे या साधनाच्या इतिहासातून निष्पन्न होणारे मुख्य तत्त्व होय. बहुतेक अपघात हे तत्त्व दृष्टिआड झाल्यामुळे घडतात.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : भार उचलण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे तरफ. बैलगाडीच्या आसाला वंगण घालावयाचे वा चाक काढावयाचे असल्यास लांब वाशाने आस उचलून धरावयाचा आणि त्याखाली लाकडाचा ओंडका सरकवावयाचा, ही पद्धत ग्रामीण भागात सर्वपरिचित आहे. या साध्या पद्धतीत उचलणे आणि आधार देणे या दोन क्रिया स्वभावतःच वेगळ्या असतात. वासा उचलतो आणि ओंडका आधार देतो. वाशाच्या टोकावर माणूस ताटकळत उभा राहू शकत नसल्याने ओंडका लावल्यावाचून काम पुढे जातच नाही. पुढील काळातील सुधारित साधनांनी ही अडचण दूर केली. पण तीबरोबरच तिच्यात दडलेली सुरक्षितताही नाहीशी केली, असे म्हणता येईल.

इ. स. पहिल्या शतकातील अलेक्झांड्रियाचे यंत्रशास्त्रज्ञ हेरॉन यांनी मळसूत्र (स्क्रू), तरफ, पाचर, कप्पी व रहाट ही पाच मूलभूत साधने वर्णिली असून दंतचक्रांच्या साहाय्याने मोठा भार उचलणाऱ्या यंत्राची चर्चाही केली आहे. तेराव्या शतकातील फ्रेंच वास्तुकार व्हीलार द ऑनकूर यांच्या चित्रवहीत मळसूत्राने भार उचलण्याच्या साधनाचे रेखाटन आढळते. लिओनार्दो दा व्हींची (१४५२–१५१९) यांच्या टिपणवह्यांत दंतपट्टी व दंतचक्र यांनी वजन उचलण्याच्या साधनाचे चित्र असून त्याचे आजच्या जॅकशी असलेले साम्य लक्षणीय आहे. यूरोप व अमेरिका येथील घोडागाड्यांच्या वाहतुकीत दंतपट्टी व खिटी असलेले लाकडी-लोखंडी जॅक अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत सर्रास वापरात होते. पूर्वी मदतनीस पोऱ्या करीत असे ती कामे करणाऱ्या उपकरणांना इंग्रजीत ‘जॅक’ हे सामान्य नाव लावण्याची प्रथा होती व त्यावरूनच या साधनास हे नाव मिळाले.

द्रवीय जॅकचा उदय : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हे तत्त्व ब्लेझ पास्काल यांनी मांडले व त्यांचा यासंबंधीचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. या तत्त्वाचा उपयोग करून इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी १७९५ साली द्रवीय दाबयंत्राचे एकस्व मिळविले. न्यूयॉर्क येथील रिचर्ड डजन यांना सुवाह्य द्रवीय जॅकचे एकस्व १८५१ मध्ये मिळाले. इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल यांनी अभिकल्पिलेले ‘ग्रेट ईस्टर्न’ हे प्रचंड जहाज टेम्स नदीत उतरविण्याचे प्रयत्न नोव्हेंबर १८५७ मध्ये सुरू झाले. परंतु जहाज जागचे हलेना. अखेरीस बर्मिंगहॅमच्या टँगी बंधूंनी बनविलेल्या द्रवीय जॅकांच्या साहाय्याने ते इंचाइंचाने सरकवीत नेऊन ३१ जानेवारी १८५८ रोजी पाण्यावर तरंगविण्यात आले. या घटनेने द्रवीय जॅकची ख्याती सर्वत्र झाली. रेल्वेच्या विस्ताराबरोबर रुळांवरून घसरलेले डबे व एंजिने उचलण्यासाठी जॅकचा वापर वाढत गेला.

मोटारवाहन व हवेचे टायर : चाक बदलण्यासाठी जॅकची नित्य गरज निर्माण केली ती हवा भरलेल्या रबरी टायरने. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये सायकलीसाठी असा टायर तयार केला. मीशलँ बंधूंनी १८९५ सालच्या पॅरिस–बॉर्दो–पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरची मोटारगाडी प्रथमच चालविली. तीत त्यांना वारंवार पंक्चर काढावे लागले. आरंभीच्या गाड्यांची चाके आसावरून सहज निघत नसत, त्यामुळे पंक्चर रस्त्यावरच काढावे लागे. वेल्समधील लानेली या गावी स्टेपनी स्ट्रीट येथे टॉमस मॉरिस डेव्हिस यांनी १९०४ च्या सुमारास एक अतिरिक्त चाक तयार केले. हे चाक म्हणजे आरे नसलेली, टायर चढविलेली धाव असे व ती हवा गेलेल्या चाकाच्या बाजूला पकडींनी बसविता येई. रस्त्याच्या नावावरून त्यास ‘स्टेपनी’ म्हणू लागले. हे मूळ चाक पुढे काही वर्षांतच मागे पडले व त्याऐवजी नट सोडवून पूर्णपणे काढता येणारे चाक रूढ झाले. मराठीत मात्र कोणत्याही जादा चाकास आजही स्टेपनीच म्हणतात.

मालवाहू ट्रक प्रारंभी भरीव रबराच्या टायरांवर चालत. हे टायर पंक्चर होत नसत, पण त्यांमुळे गाडीचा वेग कमी राही व रस्त्यांची हानी होई. अमेरिकेत गुडइयर कंपनीने १९१७ साली ॲक्रन ते बॉस्टन अशी ट्रकसेवा हवेच्या टायरांवर चालवून दाखविली व त्यानंतर हा टायर अवजड वाहनांसही योग्य असल्याचे मान्य होऊ लागले. परिणामी, पूर्वी कार्यशाळेत कुशल कामगारांनी करावयाचे भार उचलण्याचे काम भर रस्त्यात चालक व क्लीनर यांच्यावर येऊन पडले. अवजड वाहनांच्या जॅकच्या इतिहासातील हे महत्त्वाचे स्थित्यंतर होय. साधन तेच राहिले. परंतु वापरणारा माणूस, जमीन व वेळ ही सर्व बदलली.

भारतातील अवजड वाहने : भारतात मुंबईच्या रस्त्यांवर मोटारगाडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अवतरली. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याकडील अतिरिक्त ट्रक मोठ्या संख्येने खाजगी वाहतुकीत आले. मुंबईच्या कुर्ला भागात प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने १९४७ पासून मोटारगाड्या व ट्रक यांची जुळणी केली. जमशेटपूर येथे टाटा कंपनीने जर्मनीतील डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने १९५४ मध्ये ट्रकनिर्मितीस प्रारंभ केला. हे सहकार्य १९६९ पर्यंत चालले. मद्रासची अशोक मोटर्स (स्थापना १९४८) ही कंपनी १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. प्रवासी वाहतुकीत १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाची स्थापना झाल्यावर विदर्भ व मराठवाडा येथील शासकीय बससेवाही त्यात समाविष्ट झाल्या.

या वाहनांबरोबर चालकांची व क्लीनरांची एक स्वतंत्र कार्यपद्धती व शब्दसंपत्तीही निर्माण झाली. जॅक, व्हील पाना, टॉमी, स्टेपनी, जोडचाके हे शब्द मराठीत रुळले. क्लीनर हा मुलगा वा तरुण बहुधा औपचारिक शिक्षणाशिवाय या व्यवसायात येतो व चालकाच्या हाताखाली पाहून पाहून शिकतो. चालकाच्या योग्य सवयींबरोबर त्याच्या धोकादायक सवयीही अशा रीतीने पुढील पिढीकडे जातात. जॅक लावण्यासाठी वाहनाखाली शिरणारा माणूस बहुधा क्लीनरच असतो, हे येथे लक्षात घेणे अगत्याचे आहे.

आरमोरी व वनप्रदेशातील वाहतूक : चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत या प्रश्नाचे स्वरूप विशेष स्पष्टपणे दिसते. वैनगंगा नदीच्या पूर्वेस वसलेले आरमोरी हे गाव २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा निर्माण होण्यापूर्वी चंद्रपूर जिल्ह्यात होते. कोशाचे कापड व भातगिरण्या यांसाठी ते प्रसिद्ध आहे. नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड व ब्रह्मपुरी मार्गे येणारा रस्ता वैनगंगा ओलांडून आरमोरीस पोहोचतो, तर वडसा (देसाईगंज) येथून येणारा रस्ता आरमोरीवरून गडचिरोली, चामोर्शी, आष्टी व आलापल्ली मार्गे सिरोंचाकडे जातो. त्यामुळे दक्षिणेकडील वनांतून निघणाऱ्या व उत्तरेकडून येणाऱ्या मालाच्या वाहतुकीचे हे एक नाके झाले आहे.

या प्रदेशातील वाहतूक प्रामुख्याने वनोपजांची राहिली. आलापल्लीचे सागवान, बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जाणारा बांबू, उन्हाळ्यातील तेंदूपाने आणि सुगीनंतर भातगिरण्यांकडे येणारे धान, हे ट्रकांतून नेण्यात येणारे मुख्य माल होत. अलीकडील काळात एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथील लोहखनिजाच्या वाहतुकीमुळे जिल्ह्याच्या दक्षिण भागातील रस्त्यांवर बहुआसी वाहनांची संख्या वाढली आहे. वनातील कूपापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा मार्ग कच्चा असतो. तोडलेल्या झाडांचे बुंधे, बांबूची तिरकस कापलेली खुंटे व अणकुचीदार दगड यांमुळे टायर फाटण्याचा संभव अधिक असतो आणि तो फाटतो तेव्हा जॅक टेकविण्यास घट्ट जमीन क्वचितच उपलब्ध असते. सरासरी सु. १,४०० मिमी. पर्जन्यमान असलेल्या या भागात डांबरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंची मातीची कडपट्टी पावसाळ्यात व त्यानंतरही काही काळ मऊ राहते. रस्त्याला लागूनच धानाच्या बांध्या असल्यास तेथील पाणी कडपट्टीत मुरत राहते. वरून कोरडी व टणक दिसणारी माती आतून ओली असू शकते.

भाराचे स्वरूपही महत्त्वाचे आहे. बांबू वजनाने तुलनेने हलका, पण उंच व बाहेर आलेला भार असतो. त्यामुळे वाहनाचा गुरुत्वमध्य वर जातो आणि एक बाजू उचलताच वाहन दुसरीकडे अधिक कलते. लाकडाचे ओंडके गोल असल्याने ते साखळदंडांनी नीट जखडलेले नसल्यास वाहन तिरपे होताच सरकतात. उलटपक्षी लोहखनिज थोड्या जागेत फार वजन देते व आसावरील भार जॅकच्या क्षमतेपलीकडे सहज जातो.

रचना व कार्य : अवजड वाहनांसाठी मळसूत्री व द्रवीय असे दोन प्रकारचे जॅक प्रामुख्याने वापरतात. मळसूत्री जॅकमध्ये चौकोनी वा समलंबी आट्यांचा जाड दांडा फिरवून भार उचलतात. दांड्याच्या एका फेऱ्यात भार ८ मिमी. वर जात असेल व फिरविण्याच्या दांडीची लांबी ५०० मिमी. असेल, तर सैद्धांतिक यांत्रिक लाभ सु. ३९० येतो. आट्यांमधील घर्षणामुळे यातील फार मोठा भाग वाया जातो. कार्यक्षमता २०% धरल्यास ५ टन भार उचलण्यास दांडीच्या टोकाशी सु. ६४ किग्रॅ. इतका जोर लागेल. मात्र हे घर्षण एका दृष्टीने उपकारकच असते. ज्या मळसूत्राची कार्यक्षमता ५०% पेक्षा कमी असते ते भाराच्या दाबाने आपोआप उलटे फिरत नाही. म्हणजेच मळसूत्री जॅक श्रमाचा, पण स्वयंरोधी असतो.

द्रवीय जॅकला त्याच्या आकारावरून ‘बाटली जॅक’ असेही म्हणतात. त्यात लहान दट्ट्याने तेल दाबून मोठ्या दट्ट्याखाली पाठवितात. लहान दट्ट्याचा व्यास १२ मिमी. व मोठ्याचा ४८ मिमी. असल्यास क्षेत्रफळांचे गुणोत्तर १६ होते. दांडीच्या तरफेमुळे जोर आणखी २० पट वाढत असेल, तर एकूण लाभ ३२० होतो. म्हणजे हाताच्या २५ किग्रॅ. जोराने, घर्षण वगळता, ८ टन भार उचलता येतो. उचललेला भार खाली न येऊ देण्याचे काम एक लहानशी एकदिश झडप, मोचक झडप व रबरी वा तत्सम पदार्थाची मुद्रा (सील) हे भाग करतात. झडपेच्या बैठकीवर कचऱ्याचा कण अडकला, मुद्रा झिजली किंवा जॅकमध्ये विहित तेलाऐवजी ब्रेकचे तेल घातल्यामुळे ती फुगली, तर भार हळूहळू किंवा एकाएकी खाली येतो. द्रवीय जॅकने श्रम फार कमी केले. परंतु स्वयंरोधी धातूच्या आट्यांची जागा तेलाच्या स्तंभाने घेतली, हा त्या सुधारणेचा दुसरा परिणाम होय.

अपघातांची कारणे : (१) तळ खचणे : १५ सेंमी. × १५ सेंमी. तळाच्या जॅकवर ५ टन भार आल्यास जमिनीवरील दाब दर चौ. सेंमी.ला सु. २२ किग्रॅ. होतो. मऊ ओली माती दर चौ. सेंमी.ला १ किग्रॅ. भारही सुरक्षितपणे पेलत नाही. जॅकखाली ६० सेंमी. × ६० सेंमी. आकाराची जाड फळी ठेवल्यास हा दाब सु. १·४ किग्रॅ. पर्यंत खाली येतो. यावरून फळीची आवश्यकता दिसून येते, त्याचप्रमाणे ओल्या कडपट्टीवर फळीही पुरेशी ठरत नाही, हेही स्पष्ट होते. पातळ फळी वाकते किंवा चिरते व तिचा उपयोग होत नाही. फळीऐवजी दगड वा वीट ठेवण्याची सवय धोक्याची आहे. कारण एका बिंदूवर दाब येताच ती फुटते.

(२) जॅक कलणे : चाक उचलले जाताना वाहनाचा तो भाग सरळ वर न जाता किंचित कमानीत जातो, त्यामुळे आरंभी उभा असलेला जॅक तिरपा होऊ लागतो. ५ टन भाराखालील जॅक ५° कलल्यास बाजूने ढकलणारा जोर सु. ४४० किग्रॅ. होतो. जॅकचे डोके तेलकट, गोल आसावर टेकलेले असेल तर ते निसटण्यास एवढा जोर पुरेसा असतो. उंची कमी पडते म्हणून एकावर एक ठोकळे रचून त्यांवर जॅक ठेवल्यास हा धोका अनेक पटींनी वाढतो.

(३) वाहन घरंगळणे : वीसास एक अशा साध्या उतारावरही १६ टनांच्या ट्रकवर उताराच्या दिशेने सु. ८०० किग्रॅ. जोर असतो. अनेक ट्रकांचा हातब्रेक फक्त मागील चाकांवर कार्य करतो. मागील आस पूर्ण उचलला, तर पुढील चाकांना रोखणारे काहीच उरत नाही. काही जुन्या वाहनांत हातब्रेक चाकांऐवजी चालक दांड्यावर असतो. अशा वाहनाचे मागील एक चाक उचलताच विभेदी दंतचक्रांमुळे (डिफरन्शियलमुळे) ते अधांतरी चाक उलटे फिरू शकते व जमिनीवरचे चाक सुलटे फिरून वाहन पुढे सरकते. गाडी गिअरमध्ये ठेवली आहे म्हणून ती हलणार नाही, हा समजही याच कारणाने चुकीचा ठरतो. दांडा स्थिर असला, तरी विभेदी दंतचक्रे दोन चाकांना परस्परविरुद्ध फिरण्याची मुभा देतात.

(४) जोराचा झटका : घट्ट बसलेले नट वाहन उचलल्यानंतर सोडविण्याचा प्रयत्न केल्यास लांब दांडीवर दिलेल्या झटक्याने वाहन जॅकवरून ढळते. पुष्कळ जुन्या ट्रकांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट डाव्या आट्यांचे असत. ही गोष्ट माहीत नसलेला माणूस नट सैल करण्याऐवजी अधिक आवळत राही व अकारण जोर लावी.

(५) धाव व टायर : ट्रकांच्या नळीयुक्त टायरांसाठी दीर्घकाळ अनेक तुकड्यांच्या धावा वापरण्यात आल्या. त्यांत टायर जागेवर धरण्यासाठी लोखंडी कडे बसविलेले असते. ट्रकच्या टायरमधील हवेचा दाब दर चौ. सेंमी.ला सु. ७ किग्रॅ. असतो व त्यामुळे कड्यावर कित्येक टनांचा जोर येतो. कडे खाचेत नीट बसले नसल्यास हवा भरताना ते उडून जवळच्या माणसाचा प्राण घेते. जोडचाकांपैकी एकाची धाव तडकलेली असल्यास नट सैल करतानाही हा धोका संभवतो. म्हणून नटांना हात लावण्यापूर्वी टायरमधील हवा काढून टाकावी लागते. अमेरिकेत अशा चाकांच्या हाताळणीसाठी १९८० मध्ये स्वतंत्र सुरक्षा नियम करण्यात आले व हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवणे आवश्यक ठरविण्यात आले.

(६) मागून येणारी वाहने : रस्त्याकडेला उभ्या असलेल्या वाहनावर दुसरे वाहन आदळण्याचा धोका रात्री व धुक्यात विशेष असतो. अरुंद रस्त्यावर उजव्या बाजूचे चाक बदलणारा माणूस प्रत्यक्ष रहदारीतच बसलेला असतो. झाडांच्या सावलीमुळे वनमार्गावर दिवसाही उभे वाहन उशिरा दिसते. झाडाच्या फांद्या वा दगड रस्त्यावर ठेवून इशारा देण्याची प्रथा सर्वत्र आढळते. पण काम संपल्यावर ते दगड तसेच राहिल्यास मागाहून येणाऱ्या दुचाकीस्वारांच्या जीवावर बेततात.

सुरक्षित कार्यपद्धती : वरील प्रत्येक कारणातून एकेक नियम सिद्ध झाला आहे. टायर निकामी झाला तरी वाहन सावकाश चालवीत सपाट व घट्ट जागेपर्यंत न्यावे. टायर खराब होण्याचे नुकसान जीवाच्या जोखमीपुढे नगण्य होय. एंजिन बंद करून हातब्रेक लावावा, प्रवाशांना खाली उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे, धोकादर्शक दिवे चालू ठेवावे व मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून व मागून अशा दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी बसवाव्या. वाहन उचलण्यापूर्वीच नट अर्धा फेरा सैल करावे. जॅक सपाट जाड फळीवर उभा ठेवून तो आसाखाली, निर्मात्याने दाखविलेल्या जागी लावावा. एंजिनाची तेलद्रोणी किंवा विभेदी दंतचक्रांच्या पेटीचे पातळ झाकण यांखाली तो लावू नये. जॅकवर दर्शविलेली क्षमता त्या आसावरील प्रत्यक्ष भाराहून अधिक असावी. वाहन अतिभारित असल्यास आधी माल उतरविणे हाच उपाय होय.

चाक जमिनीपासून सुटण्यापुरतेच वाहन उचलावे आणि तत्काळ आसाखाली लोखंडी घोडी किंवा लाकडाचे भक्कम ओंडके आडवे-उभे रचून आधार द्यावा. त्यानंतर जॅक किंचित उतरवून भार त्या आधारावर घ्यावा. केवळ जॅकवर तोललेल्या वाहनाखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. जॅक लावण्यासाठी वाहनाखाली जावे लागलेच, तर ते सर्व चाके जमिनीवर असतानाच जावे. जोडचाकांपैकी बाहेरचे चाक बदलावयाचे असल्यास आतील चांगले चाक रुंद, जाड ठोकळ्यावर चढवून बाहेरचे चाक अधांतरी करण्याची रीत ट्रकचालकांत प्रचलित आहे. सपाट जागी व पाचरी लावून केल्यास तीत जॅकवरील अवलंबन कमी होते. नवीन चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावे आणि सु. ५० ते १०० किमी. अंतर गेल्यावर पुन्हा तपासावे; सैल नटांमुळे धावत्या वाहनाचे चाक निखळल्याची उदाहरणे घडतात. एखादा माणूस वाहनाखाली सापडल्यास त्याला ओढण्याचा प्रयत्न करू नये. दुसऱ्या जॅकने वाहन उचलून, ओंडक्यांचा आधार देऊन मगच त्याला बाहेर काढावे व वैद्यकीय मदत बोलवावी. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे.

कायदेशीर तरतुदी : कामावर असताना जखमी वा मृत झालेल्या कामगारास भरपाई देण्याचे तत्त्व भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने प्रस्थापित झाले व मोटारवाहनांवर काम करणाऱ्यांना त्याचा लाभ मिळू लागला. मोटार वाहतूक कामगारांचे कामाचे तास, विश्रांती व कल्याण यांविषयी १९६१ मध्ये स्वतंत्र अधिनियम करण्यात आला. हे दोन्ही कायदे पुढे २०२० च्या श्रमसंहितांत समाविष्ट करण्यात आले. मोटारवाहन अधिनियम, १९८८ व त्याखालील १९८९ चे केंद्रीय नियम यांनुसार वाहनासोबत परावर्तक त्रिकोण पुरविणे आवश्यक आहे. तथापि चालकपरवाना देताना चाक बदलण्याच्या कौशल्याची कसोटी सहसा घेतली जात नाही आणि ज्याला परवानाच लागत नाही अशा क्लीनरपर्यंत प्रशिक्षण पोहोचविण्याची जबाबदारी व्यवहारात वाहनमालकाच्या जाणिवेवर अवलंबून राहते.

आसावरील अनुज्ञेय भार २०१८ मध्ये वाढविण्यात आला. चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०·२ टनांवरून ११·५ टन व दोन आसी ट्रकचे एकूण अनुज्ञेय वजन १६·२ टनांवरून १८·५ टन झाले. वाहनासोबत मिळालेला वा वर्षानुवर्षे वापरात असलेला जॅक या वाढीव भारास पुरेसा आहे किंवा नाही, हे त्यामुळे नव्याने पाहणे आवश्यक ठरते.

अलीकडील बदल : एकविसाव्या शतकात त्रिज्य (रेडियल) व नळीविरहित टायरांचा प्रसार झाल्याने पंक्चरचे प्रमाण घटले व अनेक तुकड्यांच्या धावांचा वापर कमी होत चालला आहे. ३·५ टनांपर्यंतच्या ठराविक वाहनांना टायरचा दाब दर्शविणारी यंत्रणा व दुरुस्तीची साधने असल्यास जादा चाकाची सक्ती नसावी, अशी दुरुस्ती भारतात २०२० मध्ये करण्यात आली. अवजड वाहनांना मात्र जादा चाक व जॅक यांची आवश्यकता कायम आहे. संपीडित हवेवर चालणारे जॅक, बसक्या आसाखाली जाऊ शकणारे कमी उंचीचे जॅक व मोठ्या शहरांच्या मार्गांवर फिरती दुरुस्ती पथके यांमुळे काम सुलभ झाले आहे. वनमार्गावर अशी मदत पोहोचण्यास वेळ लागतो व तेथे चालक आणि क्लीनर यांना अद्यापि स्वतःवरच विसंबून राहावे लागते.

जॅकच्या दोन सहस्रकांच्या प्रवासात मानवी हाताच्या जोराचे गुणन शेकडो पटींनी वाढत गेले. आधाराची गरज मात्र तसूभरही कमी झाली नाही. बैलगाडीखाली ओंडका सरकविणाऱ्या शेतकऱ्याने जी काळजी घेतली, तीच वीस टनांच्या ट्रकलाही लागू पडते. एक जाड फळी, चार पाचरी व दोन घोड्या एवढे साहित्य प्रत्येक अवजड वाहनात ठेवणे, हा आरमोरीसारख्या वनप्रदेशातील मार्गांवर मनुष्यहानी टाळण्याचा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय होय.